वाचक विचारतात : ऑनलाइन क्लास, पुराणकथा आणि आपल्या घरातल्या गोष्टी

या महिन्यात पत्रांमधून आणि व्हॉट्सॲपवर एकच विषय सारखा येत होता. कॉलेजांनी पुराणकथा, लोककथा आणि कथालेखन असा ऑनलाइन क्लास सुरू केलाय, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यातली पोरं त्याला बसलीयेत, आणि पोरांना प्रश्न पडलेत, शिकवणाऱ्यांना पडलेत, घरच्यांनाही पडलेत. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते आणि यावेळी फक्त हेच. पत्रं थोडी छोटी केलीयेत, आणि बऱ्याच जणांनी नाव नको म्हटलं म्हणून सगळ्यांचीच नावं काढलीयेत.

प्रश्न : ताई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडमनी सांगितलंय की एक पौराणिक पात्र घ्या आणि त्याच्यावर स्वतःची गोष्ट लिहा. अर्ध्या क्लासने ग्रीक देव घेतले कारण नेटवर मटेरियल भरपूर मिळतं. मला अश्वत्थामा घ्यायचाय, माझे मामा दिवाळीला सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला जातात. पण मामा सांगतात ते आणि महाभारतात आहे ते जुळत नाही. मामा म्हणतात तो अजून सातपुड्यात फिरतो, जखमेवर लावायला तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. मग खरं कोणतं धरू? मार्क तर नाही ना जाणार?
– एक विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : बेटा, दोन्ही धर, कारण ते दोन जिथे जुळत नाहीत ना, तिथेच तुझी गोष्ट आहे.

आधी महाभारतातलं सौप्तिकपर्व वाचून काढ, मोठं नाहीये. युद्ध संपलंय, दुर्योधन मांडी मोडून पडलाय आणि अश्वत्थामा रात्री झोपलेल्या छावणीत शिरतो, धृष्टद्युम्नाला मारतो, द्रौपदीच्या पाचही पोरांना मारतो आणि पुढे उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडतो. मग त्याचा मणी जातो आणि कृष्ण त्याला शाप देतो की ३००० वर्षं तू पृथ्वीवर भटकशील, अंगाला रक्ताची आणि पुवाची घाण येईल, सोबतीला कोणी नसेल, कोणाशी बोलणंसुद्धा होणार नाही. हे शेवटचं नीट वाच. जखमेपेक्षा कडक शिक्षा तीच आहे, की बोलायला माणूस नाही.

आणि आता मामांची गोष्ट परत ऐक. तो तेल मागतो म्हणजे तो बोलतो, वाट दाखवतो म्हणजे तो माणसांच्या जवळ येतो, आणि धनत्रयोदशीला नंदुरबारकडून, गुजरातमधून, मध्य प्रदेशातून लोक चार हजार फुटांच्या वरचा तो डोंगर रात्रीच्या अंधारात चढतात ते त्याच्यासाठी. म्हणजे सातपुड्यातल्या लोकांनी शाप तसाच ठेवला, जखम तशीच ठेवली, फक्त एकटेपण तेवढं काढून घेतलं! लहान पोरं मारणाऱ्या माणसाला कोणी तेल का द्यावं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पोथीत नाहीये, ते तुला लिहायचंय. मला विचारशील तर आपल्या भागातली ही सगळ्यात खोल गोष्ट आहे आणि ती सोडून झ्यूसच्या मागे लागायचं काही कारण नाही.

तरी ग्रीक घेणाऱ्या मैत्रिणींवर रागावू नकोस, त्यांना फिलोक्टेटिस शोधायला सांग. ट्रॉयच्या युद्धाला निघालेला धनुर्धारी, वाटेत साप चावला, जखम चिघळली, तिचा वास आणि त्याचं ओरडणं सहन होईना म्हणून सोबत्यांनी त्याला लेम्नॉस बेटावर टाकून दिलं आणि दहा वर्षांनी त्याच्या धनुष्याची गरज पडली तेव्हा परत आले. न भरणारी जखम इथेही आहे आणि तिथेही आहे. पण तिथे लोक कामापुरते परत येतात आणि आपल्याकडे दरवर्षी जातात. हे दोन शेजारी ठेवून बोललीस तर तुझा अख्खा क्लास ऐकेल.

लिहिण्याआधी मामांना बसवून विचार. तेल कोणतं नेतात, कशात नेतात, कुठे ठेवतात, पहिला मुक्काम कोणत्या गावाला, कोण कोण बरोबर असतं, आणि हे त्यांना कोणी सांगितलं. मामांना माहीत नसेल तर तेही लिहून ठेव. मग गोष्टीसाठी एकच रात्र घे, एकच माणूस घे, पूर्ण महाभारत सांगायला जाऊ नकोस. समजा एकाची बॅटरी संपलीये, बाटलीत तेल थोडंच उरलंय आणि अंधारातून कोणीतरी हात पुढे केला, एवढं पुरे आहे. मार्कांचं म्हणशील तर शेवटी अर्ध्या पानाची टीप जोड : ग्रंथातलं काय घेतलं, मामांकडून काय घेतलं, माझं काय आहे. ती टीप असली की कोणी मार्क कापायला जात नाही.

प्रश्न : मी चोपडा भागात मराठी शिकवतो. लोकसाहित्याचा पेपर आता ऑनलाइन घ्यावा लागतोय. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन, सगळ्यांचे कॅमेरे बंद, प्रश्न विचारला की शांतता. वर्गात निदान चेहरे तरी दिसायचे. हा विषय ऑनलाइन शिकवण्यासारखा आहे तरी का?
– एक प्राध्यापक

उत्तर : सर, कॅमेरा बंद असेल तर असू द्या. कितीतरी पोरांच्या घरी एकच खोली असते, मागे सगळं घर दिसतं, ते त्यांना नको असतं.

पण एक गोष्ट बघा जी वर्गात आपल्या हातात कधीच नव्हती. पोरगं घरी बसलंय! आपण इतकी वर्षं काय करत आलो, पोराला आजीजवळून, चुलीजवळून, खळ्यातून उठवलं, बसने लांबवर आणून बाकावर बसवलं आणि मग फळ्यावर लिहिलं की लोककथा घरात आणि शेतात जपली जाते. आता गोष्ट सांगणारी बाई बाजूच्या खोलीत आहे आणि तुमचा विद्यार्थीही तिथेच आहे. या पेपरला यापेक्षा चांगली जागा नाही असं मला मनापासून वाटतं.

असं करून बघा. पहिली दहा मिनिटं तुम्ही बोला, मग सगळ्यांना वीस मिनिटांसाठी मोबाईल ठेवून घरात पाठवा, हातात एकच प्रश्न द्या : कानबाई कोण? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं, सव्वाच्या मापाने गहू घेऊन रोट होतात आणि भाऊबंद एकत्र बसून ते खातात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ती कोण हे विचारलं की घराघरात वेगळं निघतं, कोणाकडे ती पार्वती असते, कोणाकडे कान्हाशी नातं जोडलेलं असतं, आणि रानबाई तिची कोण लागते यावर तर एकाच गल्लीत दोन मतं. पोरं परत आली की बोलायला लागतील, कारण प्रत्येकाला वाटेल आपल्या आजीचंच बरोबर. त्यांना भांडू द्या थोडं. लोककथेला एक अस्सल प्रत नसते हे मग तुम्हाला वेगळं शिकवावं लागणार नाही. त्यानंतर विचारा, कोण सांगत होतं, कोणत्या कामात असताना, घरातलं कोण मध्ये बोललं आणि कोण गप्प बसलं. हे गाइडमध्ये मिळत नाही.

धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं असतील तर लाइव्हची सक्ती नको, रेंज नसते, लाइट जाते. व्हॉइस मेसेजवर काम घ्या, रेंज आली की तो जातो. रेकॉर्डिंगच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर ठेवायला सांगा, पंखा बंद, कुकर बंद, आणि सुरुवातीला तारीख, गाव आणि सांगणाऱ्याची परवानगी त्याच आवाजात घ्यायला सांगा.

पुराणकथांचा भाग मी तापीपासून सुरू करते. तुमची पोरं तापीकाठची आहेत म्हणून तुम्हालाही सुचवते. आदिपर्वात एक गंधर्व अर्जुनाला तापत्य म्हणून हाक मारतो, अर्जुन म्हणतो मी कुंतीचा पोरगा, हे तापत्य काय, तेव्हा तो गंधर्व गोष्ट सांगतो. सूर्याची मुलगी तपती, म्हणजे आपली तापीच, संवरण राजा शिकारीला गेलेला असताना डोंगरावर ती त्याला दिसते आणि दिसेनाशी होते, हा तिथून हलायला तयार नाही, शेवटी वसिष्ठ सूर्याकडे जाऊन तिला मागून आणतात, लग्न होतं, आणि राजा १२ वर्षं त्या डोंगरावरच राहतो. इकडे त्याच्या राज्यात १२ वर्षं पाऊस पडत नाही, माणसं घरदार सोडून निघतात. राजा-राणी परत आल्यावरच पाऊस येतो, आणि त्यांचा पोरगा कुरू, ज्याच्यावरून कौरव. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तिथल्या पोराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्यांना एकच काम द्या, त्या राज्यातला एखादा शेतकरी घ्या ज्याला पाऊस का पडत नाही हे ठाऊकच नाही, आणि त्याच्या तोंडून लिहा.

प्रॉप या रशियन अभ्यासकाची ३१ कार्यं, म्हणजे कथांमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या घटना, सिलॅबसमध्ये असणारच, ती शिकवा. फक्त ते १९२८ चं काम रशियन अद्भुतकथांवरचं आहे, शंभरेक कथा घेऊन केलेलं, हेही सांगा, नाहीतर पोरं कानबाईच्या गाण्यात खलनायक शोधत बसतात.

प्रश्न : एआयला सांगितलं की अहिराणीत कानबाईची गोष्ट लिहून दे, लगेच दिली, वाचायला भारी वाटली. सबमिट केली तर चालेल का?
– धुळे

उत्तर : नको. ती गोष्ट घरात कोणी अहिराणी बोलणारं असेल त्यांना मोठ्याने वाचून दाखव, कोणत्या शब्दाला ते थांबतात ते बघ. आणि क्लासमध्ये पहिला प्रश्न येईल की ही कोणाकडून ऐकली, त्यावर तुझ्याकडे काय उत्तर आहे? आजीला विचारायच्या प्रश्नांची यादी करायला ते वापर, त्याला माझी ना नाही.

प्रश्न : ताई, माझी नात पुण्याला शिकते, ऑनलाइन क्लाससाठी रोज रात्री फोन करून माझ्याकडून गोष्टी ऐकते. मी आपल्या लेवा बोलीत सांगते आणि ती शुद्ध भाषेत लिहिते. मला ते वाचून दाखवलं तर गोष्ट माझी वाटतच नाही. ती म्हणते बोलीत लिहिलं तर मार्क जातील. आणि दुसरं म्हणजे मला आता सगळं आठवत नाही, मधलं सुटून जातं, भुलाबाईच्या गाण्यांची तर कडवी इकडची तिकडे होतात. अर्धवट सांगण्यापेक्षा नकोच सांगू का?
– एक आजी, भुसावळ

उत्तर : काकू, सांगा, अर्धवट असेल तरी सांगा, आणि कृपा करून थांबू नका.

नातीला आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंचं सांगा. १८८० चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी सुचायची, आणि ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने जशी कानावर पडली तशी वहीत उतरवली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि पुस्तक निघालं. उतरवणाऱ्यांनी त्या ओळी शुद्ध करून ठेवल्या असत्या तर आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात उभं राहिलं नसतं, असं मी छातीठोकपणे म्हणते. तुमच्या नातीने तुमची बोली जशीच्या तशी ठेवावी, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि जो शिक्षक लोकसाहित्याच्या पेपरला बोलीचे मार्क कापतो त्याच्याशी बोलायला मी स्वतः तयार आहे.

व्यवहाराचं सांगायचं तर तिने दोन वह्या कराव्यात. एका वहीत तुमचा शब्द न् शब्द, तुम्ही थांबलात तिथे थांबलेलं, खोकलात तर खोकलेलंसुद्धा. दुसऱ्या वहीत तिची स्वतःची गोष्ट, त्यात निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं बोलतात ते बोलीत, हे बहुतेक सगळीकडे चालतं. या दोन वह्यांची सरमिसळ झाली की तुमची गोष्ट तुम्हाला ओळखू येत नाही, तुमचं दुखणं तेच आहे.

सुटलेल्या भागाचं म्हणाल तर ती जागा भरू नका, तिला रिकामीच लिहू द्या. भुलाबाईची कडवी प्रत्येक गावात पुढेमागे असतातच, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघर गात फिरायच्या, जिला जे आठवेल ते ती उचलायची, त्याच्यात कुठला आला क्रम. आणि गाणी झाल्यावर डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ, डबा हलवून आवाज ऐकायचा, खारं की गोड विचारायचं, ते सांगितलंत का तिला? ते नक्की सांगा, गाण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. एखाद्या मैत्रिणीला फोनवर जोडून घ्या, दोघी मिळून गायला लागलात की सुटलेलं आपोआप येईल. आणि रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवायला सांगा तिला, ही पोरं मोबाईल बदलतात आणि जुन्यातलं सगळं जातं.

प्रश्न : मी अक्कलकुवा तालुक्यातला आहे. क्लासमध्ये आमच्या याहामोगी देवीचा विषय निघाला, चॅटमध्ये एकाने लिहिलं इंटरेस्टिंग मिथ आहे, दोन-तीन जणांनी हसायच्या इमोजी टाकल्या. आम्ही महाशिवरात्रीला देवमोगराला जातो, ती आमची आई आहे. मी काही बोललो नाही. आता सर म्हणतात तूच तिच्यावर गोष्ट लिही. लिहू का, कळत नाही.
– एक विद्यार्थी

उत्तर : भाऊ, तुला राग आला ते बरोबरच आहे. क्लासमध्ये एकच माप हवं. याहामोगी मिथ असेल तर रामायण-महाभारतही त्याच रांगेत बसवून अभ्यासायचं, आणि ते श्रद्धेने बोलायचं असेल तर याहामोगीबद्दलही त्याच श्रद्धेने बोलायचं. एकाचा देव आणि दुसऱ्याची दंतकथा असा हिशोब चालणार नाही, आणि हे सरांनी पहिल्याच तासाला सांगायला हवं होतं. त्यांना तू एकट्याने मेसेज कर, चारचौघांत नको, पण कर. बहुतेक शिक्षक ऐकतात.

लिहायचं की नाही हे तू आणि तुझ्या घरचे ठरवा, सरांच्या सांगण्यावरून नको. घरातल्या मोठ्यांना आणि पूजा करणाऱ्यांना विचार, यातलं काय बाहेर सांगितलेलं चालतं. काही गाणी ठरलेल्या वेळीच म्हणायची असतात, ती रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायची नसतात, नाही म्हणाले तर नाही, त्यासाठी मार्क गेले तरी जाऊ दे. हो म्हणाले तर मी सुचवेन की देवीला बोलायला लावू नकोस, तिच्याकडे निघालेल्या माणसाला बोलू दे. देवमोगरा गुजरातच्या सागबारा तालुक्यात, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून जायचं, पण चालणाऱ्याला ती हद्द कुठे लागते? बांबूच्या टोपलीत नवं धान्य आणि पूजेचं सामान, सोबत घरातली म्हातारी माणसं, वाटेत भेटणारे तिन्ही राज्यांतले लोक. दुष्काळात धान्य पुरवणारी आई ही कथा त्या टोपलीतच आहे, वेगळी सांगावी लागणार नाही. टोपली कोण विणतं, डोक्यावर कोण घेतं, त्यात पहिलं काय ठेवतात, हे तुला माहीत आहे आणि चॅटमध्ये हसणाऱ्यांना माहीत नाही. घरी जे बोलता ते शब्द तसेच देवनागरीत लिही, खाली एका ओळीत अर्थ दे.

आणि देवीवर लिहायचं नाहीच असं ठरलं तर काठी गावची होळी घे. तिथेही सांगण्यासारखं खूप आहे, आणि तुझ्याइतकं जवळून ते कोणी सांगणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने कथालेखनाच्या ऑनलाइन क्लाससाठी भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट घेतली आणि शेवट बदलला, मुहूर्त टळतो तरी लीलावती स्वतः गणित करून दुसरा मुहूर्त काढते. शिक्षक म्हणाले इतिहास बदलता येत नाही. आम्ही पाटणादेवीजवळचेच, त्यामुळे घरातही दोन तट पडलेत.
– चाळीसगाव

उत्तर : मुलाच्या बाजूने माझं मत. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० चा. त्यात लीलावतीला उद्देशून प्रेमाने विचारलेली गणितं आहेत, पण घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला ही गोष्ट त्या ग्रंथात नाही. ती आपल्याला मिळते अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनंतर. ही आख्यायिका आहे, आणि आख्यायिकेचा शेवट प्रत्येक पिढीने बदललाय, कोणी तिला विधवा केलं, कोणी तिचं लग्नच होऊ दिलं नाही. तुमच्या मुलाने तिच्या हातात पाटी दिली, मला तरी हा शेवट फार आवडला.

पण इतिहासाचा जो भाग आहे तो बदलू नका. पाटण्याचा १२०७ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला त्याचा. आजोबांचं गणित पुढे शिकवलं जावं म्हणून नातू मठ काढतो, यावर तर आणखी एक गोष्ट होईल. त्या नातवाचं नाव चांगदेव, आणि बरेच जण त्याला वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेला चांगदेव समजतात. ते योगी चांगदेव वेगळे, त्यांचं देऊळ मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. मुलाच्या वहीत दोघे एक झाले असतील तर तेवढं दुरुस्त करायला सांगा.